अकरा गाठींची कणीक

युनिव्हर्सिटीच्या दफ्तरात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या नावावर काहीतरी जमा असावं अशी लोकांची अपेक्षा असते. कोणाच्या नावावर एखादा नियम असतो, कोणाच्या नावावर एखादी चौकशी असते. माझ्या नावावर कणीक आहे. मुलींच्या चार वसतिगृहांत मला ‘आटेवाले अंकल’ म्हणतात. ही तक्रार नव्हे. उलट मी ते बोलता बोलता लोकांना सांगतोच. माझ्या बायकोचं, इंदूचं म्हणणं, बोलता बोलता कुठलं, समोरच्याने नमस्कार करायच्या आत सांगता.

तर ते कसं झालं हे एकदा नीट सांगून टाकतो. इकडे उत्तरेत, आमच्या बालाजी घाटाच्या गल्लीत या प्रकरणाच्या निदान पाच आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या तीन आमच्या खालच्या मजल्यावरच्या नीलकंठ भटजींनी सोडलेल्या आहेत.

आमची रुचा त्याच युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करते. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास ती घरी आली आणि म्हणाली, “बाबा, मी पिअर एज्युकेटर झाले.” मी आधी अभिनंदन केलं आणि मग हे काय असतं ते विचारलं. सरकारी नोकरीत हाच क्रम असतो. तिने सांगितलं की डॉक्टर येऊन भाषण करतात तेव्हा मुली माना डोलावतात आणि खाली उतरेपर्यंत विसरतात; पण बरोबरीच्या मुलीने सांगितलं तर प्रश्न विचारतात. म्हणून काही मुलींना प्रशिक्षण देतात आणि त्या बाकीच्यांना शिकवतात. रुचाच्या वाट्याला चाळीस मुली होत्या आणि मुदत होती एप्रिलअखेरपर्यंत.

“छान,” मी म्हटलं. “विषय काय?”

“ब्रेस्ट कॅन्सर.”

मी समोरचं वर्तमानपत्र उचललं आणि फरशांची एक जाहिरात अगदी मन लावून वाचली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई याच आजाराने गेली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. घरात या आजाराला ‘आईचं ते’ असं म्हणत. आईने वर्षभर कोणाला काही सांगितलं नाही आणि ती गेल्यावर आम्ही पस्तीस वर्षं कोणाला काही सांगितलं नाही. रुचाला हे इंदूकडून कळलं होतं. “आजीला कोणी वेळेवर सांगितलं असतं ना, बाबा,” एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, “आणि घरात एकीला झालेलं असलं की बाकीच्यांनी जास्त लक्ष ठेवायला लागतं. मला, आणि आत्याला. आत्याशी कोण बोलणार?”

आत्या म्हणजे माझी मोठी बहीण, कालिंदीताई. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला राहते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, चौदा वर्षांपूर्वी भाऊजी गेले, आणि तेव्हापासून ती दोन्ही घरं चालवते, तिचं आणि आमचं. ताईशी बोलता येतं असं ज्याला वाटतं त्याने ताईला पाहिलेलं नाही. ताई बोलते आणि आपण ऐकतो.

तो प्रश्न मी फाईल ठेवतात तसा बाजूला ठेवला आणि म्हटलं, आधी हॉलचं बघू. कारण युनिव्हर्सिटीतले हॉल कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या विभागात मीच बसतो. स्वतःच्या मुलीचा अर्ज स्वतःच भरून द्यायचा, यात माझी छाती अभिमानाने फुगायला हवी होती. फुगलीही. पण अर्जात तिसरा रकाना असतो, ‘कार्यक्रम का विषय’. तिथे पेन अडलं. हा अर्ज आमचे अधीक्षक गोपीनाथजी वाचणार, मग त्यांचा शिपाई वाचणार, मग चहावाला. तीन पिढ्या पौरोहित्य केलेल्या घरातल्या माणसाने तो शब्द स्वतःच्या अक्षरात लिहायचा? मी पाच मिनिटं विचार केला आणि लिहिलं, ‘महिला कल्याण’.

ही माझी चूक. मी ती कबूल केलेली आहे, घरात आठवड्यातून एकदा करतोही.

गोपीनाथजींनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला. “वझे बाबू, कल्याण का मामला है तो अकेले हम कैसे पास कर दें? ऊपर दिखाना पड़ेगा.” वर दाखवल्यावर वरच्यांना कल्याण आवडलं. त्यांनी ते आणखी वर दाखवलं. आठ दिवसांनी कागद परत आला तेव्हा चाळीस मुलींच्या गप्पांचं रूपांतर भव्य संमेलनात झालं होतं. उद्घाटक होते, अध्यक्ष होते, विशेष अतिथी तीन होते, आणि दीपप्रज्वलनासाठी समई कुठून आणायची यावर वेगळं टिपण होतं. रुचाचं नाव शेवटी होतं. तिला चार मिनिटं दिली होती.

संमेलनाच्या दिवशी मंचावर अकरा खुर्च्या होत्या आणि अकराही पुरुष. पंख्यामुळे समई पेटेना, पंखा बंद केला तर अध्यक्षांना घाम येई. शेवटी अर्धी पेटली. एकजण वेदकाळातल्या विदुषींवर बोलले, एकजण पाण्याच्या निचऱ्यावर. बाकीचे, आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे असं म्हणत वीस-वीस मिनिटं बोलले. मूळ विषय कोणाला माहीत नव्हता, आणि तो त्यांना माहीत असण्याची शक्यता मीच संपवून टाकली होती.

शिवाय मॉडेलचा घोळ. हाताने तपासून गाठ कशी कळते ते दाखवायला रबरासारखं एक मॉडेल असतं. रुचाच्या विभागात ते एकच होतं, ते अलमारीत होतं, आणि अलमारीची किल्ली ज्यांच्याकडे ते मुलीच्या लग्नाला गोरखपूरला गेले होते. मी शिपायांना म्हटलं, काहीही करा पण मॉडेल मंचावर यायला हवं. त्यांनी हुकूम तंतोतंत पाळला. चौघांनी मिळून अख्खी अलमारी उचलून मंचावर आणून ठेवली, कुलपासकट. रुचाची पाळी आली तोवर जेवणाची वेळ होऊन मुली मेसकडे पळाल्या होत्या. समोर सहा मुली आणि शाल मिळायची राहिलेले चार पाहुणे होते. माझ्या मुलीने त्या बंद अलमारीकडे बोट दाखवून सांगितलं, “मॉडल इसके अंदर है.” एका पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जिना चढताना रुचा म्हणाली, “बाबा, तुम्ही शब्द लपवलात. मग सगळं त्याच्याबरोबर गेलं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस घरात सुतकासारखं वातावरण. तिसऱ्या दिवशी इंदू भांडी लावता लावता म्हणाली, “अहो, चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहेच की. हॉस्टेलच्या मुलींना बोलवू. आंब्याची डाळ आणि पन्हं म्हटल्यावर धावत येतील. मुली हॉलमध्ये गप्प बसतात, स्वयंपाकघरात बोलतात.”

रुचाने मान वर केली. “आणि मॉडेल?”

इंदूने माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं तेव्हापासून आमच्या घरची कणीक मी मळतो. पंचक्रोशीत नसेल पण निदान आमच्या जिन्यावर माझ्या कणकेचं नाव आहे. मॉडेल कणकेचं करायचं ठरलं.

वाटतं तितकं हे सोपं नाही. पहिला गोळा रुचाने दाबला आणि म्हणाली, “बाबा, हा दगडी पुतळा आहे.” दुसरा सैल झाला, ताटभर पसरला. कोमट पाणी, तेलाचा हात, थोडा मैदा आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली, असं करत चौथ्या खेपेला जमलं. गाठींसाठी चैत्रगौरीच्या ओटीकरता भिजवायचेच असतात ते हरभरे घेतले, आठ. ते काठाकाठाने, काही वर, काही मधल्या थरात. आणि तीन मिरे अगदी तळाशी, कारण रुचाच्या मते सोपी परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. एकूण अकरा. मग रुचा मधली तीन बोटं चपटी धरून, छोटी छोटी वर्तुळं करत, आधी हलकं, मग जरा जोर देऊन, मग खोल, अशी सगळीकडे फिरवून दाखवायची. प्रशिक्षणातल्या रबरी मॉडेलमध्येही अकराच गाठी होत्या; तिच्या बरोबरीच्या मुलींना आठच्या वर कधी सापडल्या नाहीत. त्यांच्या शिकवणाऱ्या मॅडमना नऊ सापडल्या होत्या.

नीलकंठ भटजींना हे कळलं कारण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी चौकात उघडते आणि भटजींचं आयुष्य चौकात जातं. आधी त्यांनी निषेध केला. सवाष्णींच्या कार्यात रोगाचं नाव काढू नये म्हणाले. माझंही मत तेच होतं, पण मला घरात जेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, कणकेपेक्षा उडदाचं पीठ धरा, जास्त जिवंत लागतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मुहूर्त काढून दिला.

तालमीचा गोळा मी खिडकीत ठेवला होता, तो माकडाने नेला. समोरच्या कठड्यावर बसून त्याने तो इतका सावकाश, सगळ्या बाजूंनी दाबून पाहिला की रुचाचा राग गेला आणि ती टक लावून बघत राहिली. त्याने आठही हरभरे काढून खाल्ले. मिरे मात्र त्याला सापडले नाहीत, किंवा सापडले तेव्हा त्याने आमच्या घराकडे असं काही पाहिलं की मी खिडकी लावून घेतली.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. गौर झोपाळ्यात बसली. अठरा मुली येणार होत्या, आल्या एकतीस. रुचाची मैत्रीण अवनी त्यांची पुढारी. गल्लीतल्या बायका वेगळ्या. हळदीकुंकवाच्या घरात पुरुषाने थांबायचं नसतं, म्हणून मी ताजी मळलेली कणीक परातीत घालून, दोन नेटक्या गोळ्यांत मिळून अकरा गाठी दडवून, वर ओलं फडकं टाकून घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. बरोबर भटजी होतेच. एका महत्त्वाच्या कार्यात आपला हात आहे या विचाराने मला फार बरं वाटत होतं.

ताई त्या दिवशी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात होती. भाऊजी गेल्यापासून ती हळदीकुंकवाला बाहेर बसत नाही. इंदूने दर वर्षी सांगून पाहिलं आहे. ताई म्हणते, “मला कुंकू नको, आणि बाहेरच्या गप्पांपेक्षा गॅसजवळच्या गप्पा बऱ्या.” तर एकतीस मुली पाहून डाळ पुरायची नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं. गणिताची बाई ती. इकडे तिकडे पाहिलं, तर ओट्यावर परात, परातीवर ओलं फडकं, फडक्याखाली तेलाचा हात लावलेली मऊ कणीक. हे बघून या जगातली कोणती बाई काय करेल? ताईने कढई चढवली.

रुचा मला बोलवायला घाटापर्यंत धावत आली. “बाबा, वर चला. आत्याने मॉडेल तळलं.”

मी वर पोचलो तेव्हा थाळीत फुगलेल्या पुऱ्या होत्या, दाराशी मुलींची गर्दी होती आणि ताई झारा घेऊन माझीच वाट बघत होती.

“रत्ना, हे काय मळलंयस?” ती मला म्हणाली. “कणकेत हरभरे? मिरे? परातीवर भिजवणाची वाटी उपडी केलीस की काय? एकेक वेचून काढताना माझा जीव गेला.” आणि तिने माझ्यासमोर वाटी आपटली.

मी मान खाली घालून ऐकत होतो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलीच्या एकतीस मैत्रिणींसमोर बहिणीकडून बोलणी खाणं ही गोष्ट वाटते तितकी सवयीची होत नाही. पण रुचा वाटीकडे बघत होती. तिने वाटी उचलली आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं.

“आत्या, हे सगळे तुला सापडले? न बघता? हाताने?”

“बघून कणीक मळतात का?”

“आठ हरभरे, तीन मिरे. अकरा. अवनी, देखो, ग्यारह.”

अवनी पुढे आली. “आंटी, हम लोगों को आज तक आठ से ऊपर नहीं मिले. मैडम को भी नौ मिले थे.”

ताईला कोणी वाखाणलं की ती आणखी चिडते. “पण हे कशासाठी होतं, ते मला कोणी सांगेल का?”

मग रुचाने सांगितलं. उरलेल्या कणकेचा गोळा केला, त्यात एक हरभरा दडवला आणि ओट्यापाशी उभं राहून तिने बाहेरच्या खोलीत करायचा तो सगळा कार्यक्रम स्वयंपाकघरात केला. महिन्यातून एकदा आपलं आपण बघायचं. गाठ, खळगा, कातडीत बदल, स्राव, जे कालपर्यंत नव्हतं ते. दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण साधी आहे हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. मुली दारात, ओट्यावर, पाटावर बसल्या होत्या आणि खरोखरच प्रश्न विचारत होत्या. कोणी मला बाहेर जा म्हटलं नाही. मी धान्याच्या डब्यांशेजारी उभा होतो आणि माझी मुलगी तो शब्द पंधरा-वीस वेळा सहज उच्चारत होती, भाजीचं नाव घ्यावं तसा. छत कोसळलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला मी पंचा शोधू लागलो.

ताई वाटीतला एक हरभरा घेऊन बोटांमध्ये फिरवत होती. रुचाचं संपल्यावर ती मराठीत, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाली, “असा एक मला लागतोय. उजवीकडे. दिवाळीपासून.”

इंदूने गॅस बंद केला.

इथून पुढचे पंधरा दिवस आमच्या घराला कोणी हसवलं नाही. ताई डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. “आई नाव कळेपर्यंत चांगली हिंडत-फिरत होती,” ती म्हणे. “नाव कळलं आणि खचली. मला नाव नकोय.” रुचाने समजावलं, इंदूने हात जोडले. “वन्सं, एकदा फक्त दाखवून येऊ,” ती म्हणायची. ताईचं गणित तयार असायचं. “बहुतेक गाठी साध्या असतात असं रुचाच म्हणाली. मग माझी बहुतेकांत धरा.” भटजींनी काढ्याचं नाव सुचवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प बसा म्हटलं, आणि तेही पहिल्यांदाच गप्प बसले.

मला झोप लागेना. पस्तीस वर्षांपूर्वी मी याच घरात, ‘आईचं ते’ काय आहे हे न विचारता, इकडून तिकडे फिरलो होतो. आता ताईच्या बाबतीतही तेच करायचं का?

आणि मग एके दिवशी आंघोळ करताना मी साबण खाली ठेवला. माझ्या डाव्या बाजूला, चांगल्या हरभऱ्याएवढी एक गाठ होती. ती दोन वर्षं होती. पुरुषांनाही होतो, क्वचित पण होतो, हे रुचाने ओट्यापाशी सांगितलं होतं आणि ते वाक्य मी इतरांसाठी आहे असं समजून ऐकलं होतं. मी तीन बोटं चपटी धरली, वर्तुळ करून पाहिलं, हलकं, मग जोर देऊन. मला भीती वाटली, हे सरळ सांगतो.

मी पंचा गुंडाळून सदरा चढवला आणि तडक ताईकडे गेलो.

“ताई, मला गाठ लागतेय.”

तिने मला नखशिखांत न्याहाळलं. मी बहाणा करतोय का, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. शाळेत असताना पोटदुखीच्या दिवशीही कळायचं. या वेळी तिला काही सापडलं नसावं.

“एकटं जायची हिंमत नाही,” मी म्हटलं, आणि तेही खरंच होतं.

“किती वाजता जायचंय?”

“सकाळी आठला.”

“डबा मी आणते,” ती म्हणाली.

कॅन्सरच्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीपुढे साठ-सत्तर बायका होत्या. मी रांगेत एकटाच पुरुष. ताई बाकावर डबा मांडीत घेऊन बसली होती. माझा नंबर आला.

“मरीज़ का नाम?”

“रत्नाकर वझे.”

“आपका नहीं, मरीज़ का.”

“मरीज़ मैं ही हूँ.”

बाबूने मान वर केली. “तकलीफ़ क्या है?”

“सीने में ज़रा...”

“सीने का, दिल का, दूसरे अस्पताल में होता है. अगला.”

अगला म्हटल्यावर मागची बाई पुढे सरकलीच. एका क्षणात मला पुन्हा ती बंद अलमारी दिसली. मी खिडकीची कड घट्ट धरली आणि म्हटलं, “स्तन में गाँठ है. बाईं तरफ़. दो साल से.”

जो शब्द मी तीस-चाळीस वर्षं गिळत आलो होतो, तो त्या सबंध दालनात, औषधांच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या खेड्यातल्या एका म्हातारीने आपल्या सुनेच्या पाठीत हलकी चापट मारली. “देखऽ, मरद होके कह देहलन. आ तू चार महीना से लजात हऊ.”

पुरुषाने सांगितलं आणि आपण चार महिने लाजत बसलो, हे ऐकून सून तोंडावर पदर धरून हसली. मग आणखी दोघी हसल्या. आणि कोणीतरी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून डबा खिडकीत ठेवला.

“दो पर्चे बनाइए,” ताई म्हणाली. “कालिंदी दातार. उम्र चौंसठ. स्तन में गाँठ, दाईं तरफ़, छह महीने से. माँ को भी थी.” तिने हे सगळं फळ्यावर लिहून द्यावं तसं सांगितलं. आईचं नाव विचारलं नव्हतं तरी तिने तेही सांगितलं. मग मला म्हणाली, “डबा धर, माझी सही राहिली आहे.”

माझी गाठ चरबीची निघाली. तरुण डॉक्टरीणबाई ताईसमोरच म्हणाल्या, “अंकल, ये बस चर्बी है, थोड़ा टहला कीजिए.” गेल्या वर्षभरात ताईने हे वाक्य विसरू दिलेलं नाही.

तिची गाठ साधी नव्हती. सुईने तपासणी झाली, नाव कळलं, आणि ते ताईलाच आधी सांगितलं गेलं, कारण तिने तसं बजावून ठेवलं होतं. गाठ लहान होती, कुठे पसरली नव्हती. ज्येष्ठात ऑपरेशन, मग किरणांची फेरी, मग रोजची गोळी. सोपं नव्हतं ते. पावसाळाभर ती थकलेली असायची आणि पंचगंगा घाटाच्या पायऱ्या तिला दोनदा बसून चढाव्या लागायच्या. पण नाव कळून ती खचली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्ष काढलं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं. ते ‘आणखी वर्ष’ आमच्या आईने काढलं होतं. ताईने आणि मी तेव्हा एकमेकांकडे पाहिलं नाही. रिक्षात बसल्यावर तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

रुचाच्या चाळीस मुली एप्रिलच्या आत झाल्या होत्या. अवनीने पुढच्या चाळीस घेतल्या. आता त्यांचा मोठा गट आहे, आणि विभागाची अलमारी उघडली तरी त्यांना कणीकच लागते, कारण रबराला हात लावायला मुली लाजतात आणि कणकेला लाजत नाहीत. मळायचं काम माझ्याकडे कायम आहे. यंदा पुन्हा हॉलसाठी अर्ज आला, तेव्हा तिसऱ्या रकान्यात मी पूर्ण लिहिलं, ‘स्तन कैंसर: छात्राओं की आपसी बातचीत’, आणि तो घेऊन स्वतः गोपीनाथजींपुढे उभा राहिलो. त्यांनी वाचलं. पेन खाली ठेवलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “वझे बाबू, इसमें हमारी श्रीमती जी भी आ सकती हैं क्या?” अर्ज वर गेला नाही. त्याच टेबलावर पास झाला.

यंदाच्या चैत्रगौरीला ताई बाहेरच्या खोलीत बसली होती, मधोमध, पुढ्यात परात घेऊन. “कुंकू नकोच,” ती इंदूला म्हणाली, “पण जागा दे.”

परवा तिला घेऊन हॉस्टेलवर गेलो होतो. फाटकावर वही असते, त्यात नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायचं. माझं अक्षर आता त्या रकान्यात अडत नाही. परात आत पोचवली आणि नियमाप्रमाणे बाहेर येऊन चौकीदाराशेजारी बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. आत ताईचा शाळेतला आवाज चालू होता.

“कितने मिले? नौ? दो और हैं. उँगलियाँ चपटी रखो. और नीचे. जल्दी किस बात की है, ढूँढो.”

चौकीदाराने फाटक एकदा उघडून पुन्हा लावलं. मग एक मुलगी म्हणाली, “मिल गई.”

चौकीदाराने मला विचारलं, “बाबूजी, क्या मिल गई?”

मी त्याला सांगितलं, पूर्ण शब्दात.